माशाच्या पोटात काय निघाले

त्या जूनमध्ये आमच्या बंदरात सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न होता, आणि तो मोठ्याने कुणीच विचारत नव्हते: 'ऐरण' म्हणतात त्या खडकाच्या टोकापाशी किंग सॅमन, म्हणजे सर्वांत मोठ्या जातीचे सॅमन मासे, का नाहीत? दरवर्षी या दिवसांत तो काळा खडक आणि त्याच्या पायथ्याचे पाणी आम्हा सगळ्यांना पोसत असे. यंदा पाहुण्यांना घेऊन गेलेल्या बोटी दिवसभर तिथे घिरट्या घालत आणि गरुडांचे फोटो घेऊन परत येत. वायरलेसवर कुणी विचारलेच तर उत्तर मिळे, "कालच्यापेक्षा बरं आहे." याचा अर्थ एकही मासा लागलेला नाही, हे ऐकणाऱ्यालाही ठाऊक असे.

आमची बोट 'वर्ना'. माझे वडील आयव्हर टोर्गरसन यांनी सारी हयात तिच्यावर काढली. गळांच्या दोऱ्या पाण्यातून ओढत विक्रीसाठी सॅमन धरण्यात. दोन हिवाळ्यांपूर्वी त्यांच्या उजव्या खांद्याने दगा दिला. त्यांनी मासेमारीचा परवाना विकला, आणि मी मागच्या बाजूला दोन खुर्च्या ठोकून, संडासाला नीट लागणारे दार बसवून 'वर्ना' पाहुण्यांसाठी तयार केली. सुकाणू माझ्याकडे आले. वडील मदतनीस म्हणून बोटीवर राहिले. ते का राहिले, हे आमच्यात कधी बोलले गेले नाही. पहिला हिवाळा त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीशी दुर्बीण घेऊन काढला होता. धक्क्यावर कोण आले, कोण गेले, हे ते रिकाम्या खोलीला सांगत असत. मी दारातून ते ऐकले होते. तसा उन्हाळा मला पाहायचा नव्हता.

आम्हाला पाहुणे मिळत ते टेकडीवरच्या लॉजकडून. तिथली व्यवस्थापक व्हेरा स्टॅनविक ही आमच्यासारखीच गळवाल्या घरातली. मे महिन्यात एका पाहुण्याने आपल्या पहिल्या सॅमनबरोबर फोटो काढायला हात पुढे केला, तेवढ्यात वडिलांनी माशाच्या डोक्यात दांडका घातला होता. रक्त पाहुण्याच्या नव्या जाकिटावर उडाले. व्हेराने मला बोलावून घेतले.

"आयव्हरकाकांनी माझ्या बापाला बुडताना ओढून काढलंय, सिग्नी. मी ते विसरलेली नाही. पण आणखी एक तक्रार आली, तर काका घरी बसतील. नाहीतर पाहुणे दुसऱ्या बोटीवर जातील. तू ठरव."

मी हे वडिलांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि फोटो काढल्याने मासा अधिक चवदार होतो का, एवढेच विचारले.

गावाच्या सॅमन स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी आमच्या वाट्याला आलेल्या पाहुण्या एकट्याच होत्या. लॉरेटा प्रुइट, कॅन्ससच्या, साठीच्या, बुटक्या आणि कमालीच्या गप्प. समुद्र त्यांनी पहिल्यांदा आदल्या दिवशी पाहिला होता. तिकडे गावात त्यांची कपडे धुण्याची लाँड्री होती, ती विकून त्या इथे आल्या होत्या. स्पर्धेत नाव नोंदवल्याचा बिल्ला त्यांनी टोपीला लावला होता, आणि दर थोड्या वेळाने त्या तो चाचपून पाहत होत्या. नियम साधे होते: संध्याकाळपर्यंत मासा धक्क्यावरच्या वजनकाट्यावर आणायचा, आणि तो अख्खा असायला हवा. शिवाय बाहेरगावच्या माणसाला दिवसाला एकच किंग ठेवता येतो, हा सरकारी कायदा होताच.

सकाळभर काही झाले नाही. धुके खडकाच्या कमरेपर्यंत उतरले होते. वडिलांनी थर्मासमधली कॉफी वाटली. लॉरेटाबाईंनी त्यांना हे का, ते का, असे थोडेच पण नेमके प्रश्न विचारले: दोरी खोल न्यायला शिशाचा गोळा कशाला, आमिष डोक्याकडून का ओवायचे, पाण्यातल्या सील प्राण्याला गळाला लागलेला मासा आपल्याआधी कसा कळतो. वडील सहसा पाहुण्यांशी एका शब्दात बोलत. त्या दिवशी मी त्यांना सलग तीन वाक्ये बोलताना ऐकले.

मग डावीकडची गळाची काठी वाकली. मासा जड होता, हे दोरी सुटण्याच्या आवाजावरूनच कळले. लॉरेटाबाई पाय फाकवून उभ्या राहिल्या आणि कुणी न शिकवता काठी वर घेत, खाली सोडत, दोरी गुंडाळत गेल्या. मासा बोटीशी आला तेव्हा मीही सुकाणू सोडून काठाशी आले. त्या आठवड्यात काट्यावर चढलेल्या कुठल्याही माशापेक्षा तो मोठा होता. वडिलांनी दांड्याचे जाळे त्याच्याखाली सरकवले. त्याच क्षणी प्रवाहाने बोट खडकाकडे ढकलली, आणि मला सुकाणूकडे धावावे लागले.

बोट बाजूला काढून मी मागे वळून पाहिले, तर मासा फळीवर होता. कल्ले कापलेले होते, रक्त धुऊन गेले होते, पोट शेपटीपासून हनुवटीपर्यंत चिरलेले होते, आणि वडिलांचा हात आत होता.

गळवाल्याचा मासा असाच व्हायला हवा. पाण्यातून वर येताच मारायचा, रक्त काढायचे, आतडी काढायची, बर्फात घालायचा. जितका उशीर, तितका भाव कमी. वडिलांच्या हातांनी हे इतक्या वेळा केले होते, की आता त्यासाठी वडिलांची गरज उरली नव्हती. डोके मात्र मागाहून पोहोचले. त्यांनी सुरीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, मग टोपीवरच्या त्या बिल्ल्याकडे. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला.

"बाबा," मी म्हणाले.

"हा आता चालणार नाही, होय ना?" लॉरेटाबाईंनी विचारले.

नाही, अशी वडिलांनी मान हलवली. चूक माझी आहे, मुलीची नाही, असे ते म्हणाले. आणि लॉजवर सांगताना तसेच सांगा, असेही. बाईंच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. थंडीने की कशाने, ते मला ठरवता आले नाही. मी मनातल्या मनात व्हेरापुढे उभी होते, आणि खिडकीतली ती दुर्बीण मला दिसत होती. वडील आतडी समुद्रात टाकायला वळले, तेव्हा बाईंनी बोट दाखवून विचारले,

"ती पिशवी कसली? ती गच्च भरलेली आहे."

"पोट आहे त्याचं."

"मग ते न बघता टाकताय?"

वडील म्हणाले, तुमची सकाळ मी आधीच वाया घालवली आहे, आणखी घाण कशाला दाखवू.

"आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या पँटी धुतल्या," त्या म्हणाल्या. "धुण्याआधी खिसे बघायचे. मालक काय सांगतो आणि खिसा काय सांगतो, यात फरक असतो. उघडा ते."

वडिलांनी पिशवी फळीवर ठेवून चिरली. खालच्या टोकाला करडा लगदा होता, रात्री खाल्लेल्या हेरिंग या लहान माशांचा. मणक्याचे दोन-तीन तुकडे ओळखू येत होते. पण घशाच्या बाजूला बोटभर लांबीची माकुळे, म्हणजे स्क्विड, होती. पाच-सहा, लालसर, काचेसारखी नितळ, डोळे अजून चकचकीत. गिळून तासही झाला नसावा.

मी वडिलांकडे पाहिले. ते वाकून जवळून बघत होते. जाकीट, बिल्ला, व्हेरा, सगळे त्यांच्या चेहऱ्यावरून पुसले गेले होते.

"माकूळ?" ते स्वतःशीच म्हणाले. "इथं? जूनमध्ये?"

बाईंनी विचारले, यात एवढे नवल काय. वडिलांनी सांगितले की माकूळ हिवाळ्यात येते, तेही बाहेरच्या खोल पाण्यात, आणि उजेडात ते वर येत नाही. म्हणजे हा मासा थोड्या वेळापूर्वी खूप खाली होता आणि वर येताना आपल्या गळाला चुकून भेटला. म्हणजे बाकीचे कदाचित अजून खालीच आहेत. या 'कदाचित'वर त्यांचा आवाज थांबला. आम्ही सगळे वीस वाव, म्हणजे एकशेवीस फूट खोल पाण्यात गळ ओढत होतो, कारण ऐरणीपाशी सगळे नेहमीच वीस वावांत ओढतात.

मला त्यात अर्थ दिसत नव्हता. बाईंचा दिवसाचा मासा धरून झाला होता. आता दुसरा लागला तरी तो पाण्यात सोडावाच लागणार होता, मग स्पर्धा नाही की जेवण नाही. मी परत फिरू म्हणाले. खरे तर मला व्हेराला आधी गाठायचे होते.

"सोडू ना," लॉरेटाबाई म्हणाल्या. "पण तो तिथं आहे की नाही, ते तर कळेल."

वडिलांनी म्यानासकट सुरी माझ्या हातात दिली आणि शिशाचे गोळे खाली सोडायला लागले. चाळीस वाव. पन्नास. खडकाबाहेर समुद्राचा तळ अचानक तुटतो, त्या कड्याच्या काठाने मी बोट हाकत राहिले. बराच वेळ काही झाले नाही. धुके वर चढले. बाईंनी दुपारचे सँडविच उभ्यानेच खाल्ले, नजर काठीच्या टोकावर. मीही आता दर वळणावर खोलीमापकाच्या आकड्याकडे बघत होते. मघाशी मला परत फिरण्याची जी घाई झाली होती, ती कुठे गेली, हे मला कळले नाही.

पहिली काठी वाकली, आणि ती धरेपर्यंत दुसरीही. दुसऱ्या दोरीवरचा सुटला. पहिल्या दोरीवरचा मासा बाईंनी फार वेळ घेऊन वर आणला. वडील काठावर ओणवे झाले. त्यांनी जाळे घेतले नाही. डावा हात पाण्यात घालून त्यांनी गळाचा आकडा धरला. मासा फळीवरच्या माशाहून मोठा होता. हिरवट पाण्यात त्याची पाठ आमच्यापासून हातभर अंतरावर होती. त्याने तोंड उघडले आणि दोन लालसर माकुळे पाण्यात ओकली.

"पाहिलंत?" वडील कुजबुजले.

"पाहिलं," बाई म्हणाल्या.

वडिलांनी आकडा फिरवून काढला. मासा क्षणभर तसाच राहिला, जणू त्यालाही हे पटत नव्हते, आणि मग खाली गेला. आपल्या हाताने एवढा मासा त्यांनी सोडल्याचे मी कधी पाहिले नव्हते. ते कितीतरी वेळ ओला हात पाण्यावर धरून राहिले.

धक्क्यावर काट्यापाशी गर्दी होती. बंदरातले बहुतेक सगळे बोटवाले तिथे होते. ज्यांच्याकडे मासा नव्हता ते तर होतेच. चिरलेला मासा बाईंनी स्वतः उचलून आणला. काट्यावरच्या माणसाने पोटाकडे बघून खेदाने मान हलवली. व्हेरा त्याच्या मागेच उभी होती. तिने माशाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"कुणी केलं हे?"

मी तोंड उघडण्याआधी लॉरेटाबाईंनी घडले ते सगळे तसेच सांगितले. काही लपवले नाही, काही सौम्य केले नाही. बिल्ला वाया गेला आणि मला वाईट वाटले, हेही त्या म्हणाल्या. मग त्यांनी सांगितले की पोटात काय आहे ते बघायला त्यांनीच लावले, आणि दुपारनंतरचा वेळ आपल्या साऱ्या सहलीतला सर्वांत चांगला गेला.

व्हेराने वडिलांकडे वळून पाहिले. ती बोलायला लागणार, हे दिसत होते; ते वाक्य मला पाठ होते. पण तिच्या मागे सगळे बोटवाले गप्प झाले होते. तिच्या स्वतःच्या लॉजच्या बोटी कित्येक दिवस रिकाम्या येत होत्या. तिने ते वाक्य गिळले.

"आयव्हरकाका. काय निघालं पोटात?"

आमच्या बंदरात या प्रश्नाला एकच उत्तर असते, कारण खरी बातमी कुणी फुकट देत नाही. ते सगळ्यांना माहीत असते, आणि तरी विचारावे लागते.

"हेरिंग," वडील म्हणाले.

मी डोळे मिटले. एक खरा शब्द बोलले असते तर त्यांची जागा वाचली असती, असे मला वाटले. लॉरेटाबाईंनी चमकून त्यांच्याकडे पाहिले. त्यांच्या ओठांवर दुसरा शब्द आलाही असावा. पण त्यांनी तो परत नेला.

कुणीतरी मागून हसले. व्हेरा हसली नाही. तिने वडिलांच्या चेहऱ्याचा शांतपणे अंदाज घेतला, जसा तिच्या बापाने घेतला असता.

"असं का," ती म्हणाली. "हेरिंग. आणि हे शोधायला तुम्हाला संध्याकाळपर्यंत थांबावं लागलं." मग माझ्याकडे वळून: "उद्या तुला तीन पाहुणे देते. काका बोटीवर असतील. माझ्या चारही बोटी तुमच्यामागून येतील. बघू किती दूर ठेवतेस. आणि सुरी तुझ्या कमरेला राहील, काकांच्या नाही."

घरी जाताना चढावर वडील मध्येच थांबले. खांदा दुखत असेल म्हणून मीही थांबले. ते खाली बंदराच्या तोंडाकडे, ऐरणीच्या दिशेने बघत होते. व्हेराला खरे का सांगितले नाही, असे मी शेवटी विचारलेच.

"काय सांगू? माकूळ आहे म्हणून? लगेच विचारेल, का आहे. पाणी गार झालंय, की हेरिंगच पळालंय, की आणखी काही." त्यांनी मान हलवली. "मलाच माहीत नाही. उद्या साठ वावांपर्यंत जाऊन बघू या का?"