चौकड्यांचा कोट

शिंपीमास्तर नाकावर माशी बसू देणारे नव्हते. त्यांच्या मोठ्या कात्रीला हात लावायची तर दुकानात कुणाचीच छाती नव्हती. कापायचं आणि जोडायचं मास्तरांनी. काजं, बटणं आणि तुरपाई बायकोनं, अशी वाटणी लग्नापासून चालत आलेली.

बहिणीचा पाय मोडला म्हणून बायको आठवडाभर तिच्याकडे गेली आणि त्याच आठवड्यात मास्तरांनी लेकीचा चौकड्यांचा कोट शिवायला घेतला. लेक पहिल्यांदाच मोठ्या मंचावर गाणाऱ्यांच्या ताफ्याचं संचालन करणार होती. बाह्या लावायच्या आधीचा कोट अंगावर चढवून ती आरशासमोर उभी राहिली आणि खो खो हसत सुटली.

"बाबा, उभ्या रेषा झकास आहेत. पण आडव्या? डावी बाजू माडीवर आणि उजवी तळमजल्यावर!"

"कापडच सदोष आहे," मास्तर गुरगुरले.

लेकीनं कोट दुकानात ठेवला आणि बापाला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी भिंतीवरच्या तक्त्यावर सगळीकडे जाणाऱ्या रेषा दाखवल्या आणि ठळक कुठल्या दिसतात ते विचारलं.

"उभ्या. आडव्यांवर कुणीतरी ओला बोळा फिरवलाय."

"कुणी नाही फिरवला," बाई हसून म्हणाल्या. "डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा चेंडूसारखा सगळीकडून सारखा गोल लागतो. तुमच्या पडद्याला एका दिशेनं जास्त बाक आहे. म्हणून एका दिशेच्या रेषा स्वच्छ आणि दुसऱ्या पुसट. याला अ‍ॅस्टिग्मॅटिझम म्हणतात. थोडाफार पुष्कळांना असतो, घाबरू नका. चष्मा आहे, डोळ्यात घालायची खास लेन्स आहे. आणि तपासून डोळा योग्य वाटला, तर लेझरनं पडद्याचा आकारही सुधारता येतो."

"माझ्या डोळ्यावर दुसऱ्याची कात्री चालायची नाही. चष्मा द्या."

मास्तरांनी हौसेनं गोल काचांची चौकट निवडली. सुरुवातीला फरशी उताराला लागली, टेबल कलंडल्यासारखं वाटू लागलं. असं होणार हे बाईंनी सांगितलंच होतं. मग हळूहळू फरशी जागेवर आली आणि आडव्या रेषा अशा लख्ख दिसू लागल्या की मास्तर रस्त्यानं जाणाऱ्यांचे सदरे न्याहाळत दारात उभे राहू लागले. कोट उसवून त्यांनी नव्यानं जोडला. रेषेला रेषा मिळाली. फक्त बाह्या कापायच्या राहिल्या.

कार्यक्रमाच्या आदल्या सकाळी चष्म्याचा स्क्रू ढिला झाला आणि एक काच कापडावर पडली. तेवढ्यासाठी कोण चष्मेवाल्याकडे जाणार? मास्तरांनी मशीनच्या छोट्या पेचकसानं काच परत बसवली. गोल काच, गोल चौकट, त्यात काय अवघड! चष्मा चढवला आणि चौकडे वितळले. पुसून पाहिला, डोळे धुऊन पाहिले, काही उपयोग नाही. चष्म्यालाही दाद देईनात म्हणजे डोळे गेलेच, असं मास्तरांनी ठरवून टाकलं.

बायको बहिणीकडून परतली होती. त्यांनी कात्री तिच्यापुढे ठेवली. "आता तूच काप."

बायकोनं कात्री उचलली नाही, चष्मा उचलला. "आधी हे दाखवून येऊ. चला."

चष्मेवाल्यानं काच यंत्रात धरली आणि डोक्याला हात लावला. "मास्तर, काच फिरवलीत तुम्ही! तुमच्या नंबराला दिशा असते. कापड तिरपं ठेवून कापलं तर कोट अंगाला बसेल का?"

"म्हणजे मी काच तिरपी लावली!" मास्तर इतके मोठ्यानं हसले की रांगेतली माणसंही हसू लागली.

दुकानात परतल्यावर बाहीचा अंदाज घ्यायला त्यांनी दोन वर्षांपूर्वीचा नमुन्याचा चौकडी कोट खुंटीवरून काढला. आडव्या रेषा तंतोतंत जुळलेल्या. ते खूश झाले आणि मग थबकले. तेव्हा तर त्यांना आडव्या रेषा धड दिसतही नव्हत्या! त्यांनी कोट उलटा केला. शिवणीच्या कडेला जुन्या टाक्यांची भोकं होती आणि शिवण होती बारीक, घट्ट, शेवटी दुहेरी गाठीची. ती गाठ त्यांच्या ओळखीची होती.

"माझी शिवण उसवून तू परत जोडायचीस? कधी?"

"तुम्ही जेवून लवंडायचात ना, तेव्हा," बायको खाली मान घालून बटण लावत राहिली.

"बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही कात्री खाली ठेवली असती. मग दिवसभर घरात बसून माझ्यावरच खेकसला असतात!"

मास्तरांचे डोळे भरून आले. चष्मा काढून ते पुसत बसले आणि मग कात्री तिच्याकडे सरकवली. "एक बाही मी कापतो, एक तू काप."

"मी?"

"मग काय, शेजारीण?"

दुसऱ्या दिवशी सभागृहात लेकीनं लोकांना नमस्कार केला, पाठ फिरवली आणि दोन्ही हात उचलले. आडव्या रेषा एका बाहीतून निघाल्या, पाठीवरून सरळ गेल्या आणि दुसऱ्या बाहीत शिरल्या. मास्तरांनी चष्मा पुसला, नाकावर नीट बसवला आणि पुन्हा पाहिलं. कुठली बाही आपली आणि कुठली बायकोची, ते काही केल्या त्यांना सांगता येईना.