राउटरचं दुखणं

...हिरवाच आहे. दिवा हिरवा, स्थिर, अगदी शहाण्यासारखा — आणि तरीही राउटर अडकलेला आहे हे तिला स्वयंपाकघरातूनच कळलं होतं, दूध गॅसवर ठेवता ठेवता, मागच्या बाजूला पसरलेल्या शांततेवरून. नवऱ्याचं गाणं ओळीच्या मध्येच तुटलं होतं. आता तो टॅब्लेट उंच धरील, मग काचेवर बोट आपटील, मग हाक मारील. त्याच्या आत काम उरकलं पाहिजे. तिनं गॅस बारीक केला, हात पुसले, बाहेरच्या खोलीत पुस्तकांच्या कपाटावर बसवलेल्या त्या दोन शिंगांच्या पांढऱ्या पेटीमागे हात घातला आणि बटण दाबलं. बंद. जरा थांबून — चालू. दिवे एकेक करून जागे झाले.

"अगं, गेलं बघ परत," मागून आवाज आलाच.

येईल, ती म्हणाली, आणि खरंच आलं. गाणं आलं, नवऱ्याचा ठेका आला, दूधही वर आलं आणि तिनं ते वेळेवर उतरवलं. सगळं कसं सुरळीत. आठवडाभर हे असंच चाललं होतं, आणि ज्या व्यक्तीला हे सर्वांत आधी कळायला हवं होतं तिला यातलं अक्षरही माहीत नव्हतं.

ती व्यक्ती म्हणजे तिची धाकटी लेक. घरात सगळ्यांत उंच, केसांत दोनचार पांढरे डोकावू लागलेले, पण घरातलं नाव अजून बारकीच. बारकी दुसऱ्या गावात, असल्या पेट्या बनवणाऱ्या कंपनीत काम करते. पेटी बनवत नाही. पेटीच्या आत बसून पेटीला चालवणारी जी आज्ञावली असते — फर्मवेअर म्हणतात तिला — ती लिहिते. पेटी तीच, प्लास्टिक तेच, वायरी त्याच, फक्त डोक्यातलं बदलायचं. आणि तेही शंभर कोसांवरून, आपल्या खुर्चीतून न उठता! हे आईला पहिल्यांदा समजलं तेव्हा तिनं ते लेकीकडून दोनदा वदवून घेतलं होतं. आपल्या पोटी हे आलं कुठून? नवऱ्याकडून म्हणावं, तर त्याला अजून दिव्याचं बटण आणि पंख्याचं बटण यांत गोंधळायला होतं. माझ्याकडून? मी जन्मभर रुग्णालयात सिस्टर होते, मला सलाइन लावता येतं...

गेलं वर्षभर बारकी या नव्या फर्मवेअरच्या मागे होती. आता ते तयार झालं होतं, आणि सगळ्या गिऱ्हाइकांना देण्याआधी कंपनीतल्या लोकांच्या घरी चालवून बघायचं ठरलं होतं. त्यांतलं एक घर हे. ज्या दुपारी ते आलं त्या दुपारी आई कपाटासमोर उभी होती. दिवे सगळे विझले. मग काहीच नाही. बाळ बाहेर आल्यावर रडेपर्यंत खोलीत जी शांतता असते, तसली शांतता. आणि मग एक दिवा, दुसरा, तिसरा... तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि नवरा म्हणाला होता, अगं, राउटर आहे तो.

बारकीची सूचना साधी होती. रोज वापरता तसाच वापरा, मुद्दाम काही करू नका, आणि अडलं तर हात न लावता मला सांगा. दुसऱ्याच दिवशी अडला. आणि तिनं हात लावला.

का? — एकदाच झालं म्हणून, पहिल्यांदा. फोनवर बारकीचा आवाज दमलेला होता म्हणून, दुसऱ्यांदा. त्यानंतर कारण शोधायचंही तिनं सोडलं. गाणं तुटलं की पाय आपोआप कपाटाकडे वळत. बारकी सांगत होती की बाकी सगळ्या घरी अगदी छान चाललंय, कुणाची तक्रार नाही. मग आईच्याच घरून तक्रार? सगळ्या जगानं शाबासकी द्यायची आणि आईनं म्हणायचं, तुझं काहीतरी बिघडलंय? लोक आपापल्या मुलांचं कौतुक करायला काय काय रचून सांगतात. इथे तर नुसतं गप्प राहायचं होतं. शेजारणीला तिनं त्याच आठवड्यात सांगितलं होतं की आमच्या बारकीनं लिहिलेलं आमच्या कपाटावर बसलंय आणि एकदाही अडलेलं नाही. बोलताना आवाज जरासुद्धा कापला नव्हता...

दुपारी बारकीचा फोन आला, आणि या वेळी ती "कशी आहेस" म्हणायलाही थांबली नाही.

"आई, घरातले दिवे मधूनमधून मंद होतात का गं?"

नाही, ती म्हणाली. प्लग सैल आहे का? नाही. राउटर हाताला गरम लागतो? नाही. मग बारकीनं जे सांगितलं ते ऐकताना आईच्या हातातला फोन जड होत गेला. राउटर दर वेळी नव्यानं सुरू झाला की त्याची खूण तिकडे बारकीच्या पडद्यावर उमटत होती. बाकी सगळ्यांच्या घरचे राउटर लावल्यापासून अखंड चालू आहेत. एकट्या या घरचा स्वतःहून बंद पडतोय आणि स्वतःहून चालू होतोय. चार दिवस ती याच एका दुखण्यामागे होती. वीज तपासली, उष्णता तपासली, लिहिलेली ओळ न ओळ परत वाचली. कारण सापडत नव्हतं. संध्याकाळी मीटिंग होती, आणि तोवर कारण हाती आलं नाही तर नवं सगळं बाजूला ठेवून जुनंच चालू ठेवायचं, असं तिचे वरिष्ठ म्हणत होते.

"वर्षभराचं काम गं तुझं," ती कशीबशी म्हणाली.

"हो. पण ज्याचं कारण कळत नाही ते लोकांच्या घरात कसं पाठवायचं? ते बरोबरच बोलतायत."

जेवलीस का, तिनं विचारलं. खाईन, बारकी म्हणाली, आणि फोन ठेवला.

ती तशीच उभी राहिली. तिथून दिसतं... हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. आपल्या घरात, आपल्या हातानं दाबलेलं बटण. त्याची दखल कोण घेणार, असंच ती धरून चालली होती. आणि बारकी मात्र चार दिवस उपाशीतापाशी, नसलेलं दुखणं शोधत होती. आणि असलेलं? ते रोज उठून पुसलं जात होतं. मी पुसत होते. मीच.

वॉर्डातली एक सकाळ आठवली. पोटात कळा येणारी एक बाई, सर्जन यायला उशीर, आणि नुकतीच लागलेली एक कोवळी नर्स. तिला दया आली आणि तिनं कुणाला न विचारता दुखणं मारायचं इंजेक्शन देऊन टाकलं. सर्जन आले, त्यांनी पोट दाबून पाहिलं, तर बाई चक्क हसली. सगळं छान वाटतंय, म्हणाली. तिचं अपेंडिक्स फुटायच्या बेताला आलेलं कळायला मग दिवस मावळला. वाचली, पण थोडक्यात. आणि त्या रडणाऱ्या पोरीला बाजूला घेऊन ऐटीत सांगणारी मोठी सिस्टर कोण होती? दया आली तर पेशंटचा हात धर, दुखणं झाकू नकोस...

नवऱ्यानं दारातून तिचा चेहरा पाहिला आणि काय झालं ते विचारलं. तिनं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि सोपा करून टाकला विषय: सांगून टाक, ती काय तुला खाणार आहे का. पण भीती रागावण्याची नव्हतीच. बारकी रागावली असती तर तिला हायसंच वाटलं असतं. बोच वेगळी होती. इतकं कौतुक केलं, येता-जाता त्या पेटीवरची धूळ पुसली, आणि मनात खोल कुठेतरी हे धरून बसले की या पोरीच्या कामाला एक "अडलं" सुद्धा सोसवणार नाही? हे कौतुक म्हणायचं की अविश्वास? आणि ज्या पोरीबद्दल हा अविश्वास, ती कशी होती? शाळेत गणित चुकलं तर खोडायची नाही. त्यावर एक रेघ ओढायची आणि शेजारी परत मांडायची. बाईंनी गबाळेपणाची तक्रार केली म्हणून तिला चांगलं खोडरबर आणून दिलं, तर ते वर्षानुवर्षं जसंच्या तसं कंपासपेटीत पडून राहिलं. विचारलं तर म्हणायची, खोडलं तर कुठे चुकलं ते दिसणार कसं? आपण हसलो होतो. नातेवाइकांना गंमत म्हणून सांगितलं होतं. समजलं मात्र काहीच नव्हतं.

तिनं फोन लावला. पलीकडे कळफलकावर बोटं चालल्याचा आवाज येत होता.

"बारके, तो स्वतःहून बंद होत नाही. मी बंद करते. मीच चालू करते."

बोटं थांबली.

"का?"

"अडकतो म्हणून. तुला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही."

तिनं डोळे मिटून घेतले. आणि मग जो आवाज आला तो दमलेला नव्हता, दुखावलेला तर मुळीच नव्हता. कित्येक दिवसांत ऐकला नव्हता इतका टवटवीत होता.

"अडकतो? कसा अडकतो? आई, सगळं सांग. दिवा कुठला असतो तेव्हा?"

हिरवा, ती म्हणाली. वायर लावलेला जुना कम्प्युटर चालतो का? चालतो, फक्त यांचा टॅब्लेट थांबतो, आणि मग माझा फोनही. कधी? आणि इथे तिची जीभ तिच्याही नकळत सैल झाली. ड्यूटी संपताना पुढच्या सिस्टरला जसं सांगायचं, तसं ती क्रमानं सांगत गेली. हे सकाळी बाहेरच्या खोलीत गाणी ऐकतात. ऊन तोंडावर आलं की टॅब्लेट घेऊन उठतात आणि मागच्या खोलीत जातात. एका जागी बसले तर दिवसभर काही होत नाही. उठून गेले की मधल्या बोळात, स्वयंपाकघराच्या दाराशी गाणं तुटतं. दर वेळी नाही, पण तुटलं की तिथेच.

"तू हे सगळं बघत होतीस?"

"बघत होते. सांगत नव्हते."

बारकी हसली. मग तिनं समजावून सांगितलं, घाईघाईनं पण आईला कळेल असं. राउटरला दोन आवाज असतात: एक जवळचा, जोरकस, दुसरा लांब पोचणारा, पण संथ. माणूस टॅब्लेट घेऊन लांब गेला की त्याला पहिल्यावरून दुसऱ्यावर सोडायचं, आणि तेही त्याला न कळता. नव्या फर्मवेअरमधला सगळ्यांत नवा भाग हाच. तिथेच काहीतरी अडत असणार.

"म्हणजे तू लिहिलेल्यातच?"

"मीच लिहिलेल्यात," बारकी म्हणाली. आपलंच पोर मांडवात धावताना आपटलं तर आई ज्या आवाजात "माझंच आहे" म्हणत पुढे होते, त्या आवाजात.

आता फक्त एकदा अडकायला हवं होतं, आणि कुणीही हात लावायचा नव्हता. अडकलेल्या अवस्थेत वायरीच्या बाजूनं आत शिरून बारकी बघणार होती. बंद केलं की आतली सगळी आठवण पुसली जाते. या आठवड्यात जितक्यांदा तिनं बटण दाबलं तितक्यांदा ती पुसली गेली होती. बारकीनं हे नुसतं सांगितलं. त्यात ठपका नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

मग नवऱ्याला चालवायचं ठरलं. तो टॅब्लेट छातीशी धरून, बक्षीस घ्यायला निघाल्यासारखा, बाहेरच्या खोलीतून मागच्या खोलीत गेला. गाणं तुटलं नाही. परत आला. तुटलं नाही. पुन्हा गेला, पुन्हा आला, घाम पुसला. फोनमधून बारकीचा निरोप आला की बाबांना म्हणावं, मुद्दाम चालू नका, नेहमीसारखं चाला.

"नेहमी कसा चालतो मी?" त्यानं अगदी मनापासून विचारलं.

आणि तिला दिसलं. रोजचं, इतकं रोजचं की कधी बघितलंच नव्हतं असं.

"तुम्ही बोळात थांबता," ती म्हणाली. "स्वयंपाकघराच्या दाराशी."

"कशाला?"

"मी काय करतेय ते बघायला."

तो जरा गोंधळला. टॅब्लेट त्यानं या हातातून त्या हातात घेतला. फोनमधून बारकी हळूच म्हणाली, "म्हणजे नेमके दोन्ही आवाजांच्या सीमेवर. ना इकडे, ना तिकडे. आई, तू आत जाऊन उभी राहा."

ती स्वयंपाकघरात गेली. फोन फळीवर ठेवला, नळ सोडला, कप विसळायला घेतले. मागून गाणं जवळ येत गेलं, दाराशी आलं आणि थांबलं. म्हणजे तो थांबला, गाणं चालूच राहिलं. तिनं मान वळवली नाही. तो बघत होता हे तिला पाठीवर कळत होतं. फळीवरून बारकीचा श्वास ऐकू येत होता. खिडकीतलं ऊन समोरच्या भिंतीवर चढलं होतं आणि मीटिंगची वेळ जवळ येत होती. कदाचित आज राउटर अडकणारच नाही. कदाचित जेवढं दाखवायचं तेवढं त्यानं आठवडाभर दाखवलं आणि मी ते रोज पुसलं. मग वर्षभराचं काम बाजूला पडेल, आणि ते माझ्या हातून पडलेलं असेल. हे तिला स्वच्छ कळत होतं. पण पायांतलं ते कपाटाकडे धावणं थांबलं होतं. गाणं कडव्यावर आलं, पुढच्या ओळीवर गेलं. ती कप हातात तसाच धरून पुढच्या शब्दाची वाट बघत होती, तो येऊ नये म्हणून... तूट, बाई, तूट एकदा... आणि लेकीचं काम बिघडावं असं इतक्या मायेनं तिला आजवर कधी वाटलं नव्हतं.