दोन रेघांच्या पलीकडे

मित्रांनो, मी एक जुना पर्याय आहे. एक आडवी रेघ आणि तिला चिकटलेलं इंग्रजी 'बी' हे अक्षर, एवढाच माझा देह. प्रोग्राम सुरू करताना काळ्या स्क्रीनवर जी लांबलचक ओळ टाइप करतात, त्या ओळीत मी प्रोग्रामला एक सूचना देत राहत असे. हसू नका. मी जागेवर नव्हतो म्हणून एकदा हजारो लोकांचे फोन बंद पडले आणि एका म्हाताऱ्याची अब्रू गेली.

मला मास्तरांनी घडवलं. फोन कंपनीत सगळे त्यांना मास्तर म्हणत, कारण तिथल्या प्रत्येकाला त्यांनीच कान उपटून शिकवलं होतं. त्यांचा प्रोग्राम भलताच हावरट. लोकांचं बोलणं बारीक तुकडे होऊन मशीनमध्ये येई आणि हा ते तुकडे सेकंदाला लाखोंनी पुढे ढकली. त्यासाठी मशीनला असतील तेवढी नेटवर्क कार्डं, म्हणजे तुकड्यांची ये-जा करायची दारं, तो सुरू होताच बळकावी. एक कार्ड मात्र माणसांसाठी सोडावं लागे. मशीन दोन तासांच्या अंतरावर, कुलूपबंद खोलीत होतं. ऑफिसातून त्यात शिरायची वाट त्याच कार्डातून जाई. माझ्यापुढे त्या कार्डाचा क्रमांक लिहीत आणि मी प्रोग्रामला दटावी, "याला हात लावायचा नाही." अठरा वर्षं मी हे काम चोख केलं. "हा नसता तर आपण दाराबाहेर उभे असतो," असं मास्तर नव्या लोकांना सांगत, तेव्हा मला मूठभर मांस चढे.

पण मास्तरांनी एक घोळ घालून ठेवला होता. ओळीच्या मध्ये दोन नुसत्या रेघा असतात. त्यांच्या अलीकडचं सगळं मशीनची जुळवाजुळव करण्यासाठी, पलीकडचं कामाच्या बारकाव्यांसाठी. पलीकडेही त्यांनी एका पर्यायाला 'बी' हेच नाव दिलं. एका खेपेला किती तुकडे उचलायचे, ते तो सांगे. त्यामुळे मी चुकून पलीकडे गेलो असतो तरी प्रोग्रामनं तक्रार केली नसती. कार्डाच्या क्रमांकातला पहिला आकडा वाचून तो तेवढेच तुकडे उचलू लागला असता. दुसरं अक्षर सुचलं नाही का, असं मास्तरांना विचारायची कुणाची छाती नव्हती.

मास्तरांची सून त्यांच्याच हाताखाली कामाला होती. वर्षभरापासून त्यांना स्क्रीनवरचं दिसेनासं झालं होतं, हे फक्त तिला ठाऊक होतं आणि मला. ते चहाला गेले की ती त्यांच्या चुका गुपचूप सुधारी. आणि ते? "आमच्या घरात एकच ढ माणूस आहे, तोही मी इथं आणून ठेवलाय," असं चारचौघांत म्हणत. लोक हसत. तीही हसे.

एका सोमवारी सकाळी ती खाली गेली असताना त्यांनी ओळ स्वतःच बदलायला घेतली. प्रोग्रामला प्रोसेसरचे आणखी दोन कोअर, म्हणजे मशीनच्या मेंदूचे आणखी दोन भाग, द्यायचे होते. खोडताना त्यांनी मलाही खोडलं, मग चाचपडत परत लिहिलं, ते ओळीच्या अगदी शेवटी. आणि एंटर मारला.

मी अलीकडे नाही म्हटल्यावर प्रोग्रामनं माणसांचं कार्डही बळकावलं. मशीनमध्ये शिरायची वाट बंद झाली आणि तुकडे थोडेथोडेच उचलले जाऊन फोन अडखळत बंद पडू लागले. कुणी बाई दवाखान्याला काही सांगत होती. तिचं बोलणं "त्यांना श्वास" इथंच तुटलं. पुढचं मलाही कळलं नाही.

ऑफिसातल्या खोलीत दहा माणसं जमली. सून धावत आली. मास्तरांनी तिच्याकडे बोट केलं. "ओळ रोज हीच लिहिते. हिनंच घाण केलीय. उद्यापासून ही मला या खोलीत दिसता कामा नये."

"बाबा, मी तर खाली होते."

"इथं बाबा कोण? सामान आवर."

दोघं एकाच नावानं लॉगिन करत, त्यामुळे नोंदीत काही सापडणार नव्हतं. मास्तरांच्या शब्दापुढे तिचा शब्द टिकणार नव्हता. बारा वर्षांची नोकरी हातची चालली होती. तिनं स्क्रीनकडे पाहिलं. मी कुठं उभा आहे ते तिला एका नजरेत कळलं.

दोन तासांनी मशीनजवळ पोचलेल्या तंत्रज्ञाचा फोन आला, दुसऱ्या कंपनीच्या नंबरवरून. "कीबोर्ड जोडलाय. कोणती ओळ टाकू?"

सुनेनं सकाळची ओळ भिंतीवरच्या पडद्यावर आणली. "मास्तर, तुम्हीच वाचून दाखवा ना," ती गोड आवाजात म्हणाली.

मास्तर पडद्याकडे तोंड करून उभे राहिले. घसा खाकरून त्यांनी अक्षर न अक्षर खणखणीत सांगितलं. आधी कोअर, मग मेमरी, मग मी, कार्डाचा क्रमांक, आणि त्यानंतर दोन रेघा. अठरा वर्षांची पाठ ओळ, एकही चूक नाही. तंत्रज्ञानं ती ऐकून टाइप केली. "चालू झालं, मास्तर!" तो ओरडला.

कुणी टाळी वाजवली नाही. सगळे पडद्याकडे बघत होते. तिथं मी दोन रेघांच्या पलीकडे, ओळीच्या टोकाला होतो.

"आता पडद्यावर काय आहे तेही वाचा, बाबा," सून म्हणाली.

"तेच तर वाचलं," मास्तर म्हणाले.

पुढच्या आठवड्यात त्यांची खुर्ची तिला मिळाली. तिनं आधी मला काढून टाकलं आणि माझ्या जागी पूर्ण शब्दांचं लांब नाव आणलं. योग्यच केलं. मास्तर आता घरीच असतात. ताटात काय कुठं वाढलंय ते ती त्यांना रोज सांगते. ते मुकाट्यानं जेवतात.

मित्रांनो, अशा आत्मकथेच्या शेवटी काहीतरी विनवायचं असतं. एका अक्षराला दोन कामं देऊ नका, एवढंच मी सांगेन. माणसांनी माणसांशी कसं वागावं ते मला विचारू नका. तिनं वाचायला सांगितलं तेव्हा ते काय बोलणार हे तिला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं, आणि खरं सांगतो, मला ते ऐकायचं होतं.