रिकामा पाट

“साडेसात किलो!” अंगणवाडीच्या निशाताईने काटा पुन्हा एकदा निरखला. “ढवळूबाबा, तुमची नात महिन्यात किलोभर भरली की!”

जमलेल्या बाया ढवळू सुताराकडेच बघायला लागल्या, जणू पोरीचं वजनही त्यानेच घडवलं होतं. त्याची सून कमू पुढे सरकली. दोन वर्षांची रुपी गेल्या महिन्यात साडेसहाच भरली होती, आणि जव्हारच्या दवाखान्याचं नाव निघालं होतं.

“मंग आता जव्हारला नाय ना न्यावं लागत? भाताची आवणी चाललीय, ताई.”

“नाही. राहू दे घरीच.”

ढवळूची छाती फुगली. आजवर वजनाला कापडी झोळी होती. पोरं तिच्यात घातली की टाहो फोडत, पाय झाडत आणि काटा नाचत राही. निशाने यंदा, चौऱ्याण्णव सालच्या पावसाळ्यात, पोरांना बसवायला पाट करून मागितला, तेव्हा ढवळूने पाड्यातल्या पोरांच्या मांड्यांची मापं सुतळीने घेतली. ज्याच्यासाठी करायचं त्याला बघितल्याशिवाय तो हत्याराला हात लावत नसे. मापं झाली तशी जुन्या सागाच्या फळीला रंधा मारून त्याने तिला गोल कठडा बसवला, आणि चार साखळ्या आपल्याच भट्टीत घडवल्या. आज सतरा पोरं त्या पाटावर बसली. एकही रडलं नाही.

रुपीला कडेवर घेऊन तो घराकडे निघाला. कमू पुढे, भराभर. पन्नास वर्षं लाकूड पेलून ढवळूचा हात असा तयार झाला होता की ओंडका उचलला की पावशेराच्या फरकाने वजन सांगावं. तो हात आता सांगत होता, पोर तेवढीच आहे. ढवळूने आधी हातालाच म्हातारा ठरवलं. रुपीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. हात ऐकेना. विहिरीपाशी तो थांबला. तो तसाच मागे फिरला.

निशा दप्तर आवरत होती. ढवळूने रिकामा पाट काट्याला टांगला. काटा खाली उतरला आणि एक किलोवर थांबला.

“अगं आई!” निशाने वजनांची वही पुन्हा उघडली. “झोळीला वजनच नव्हतं, बाबा. रिकाम्याचं वजन बघायचं असतं हे डोक्यातच आलं नाही.”

“तीन पाव लाकूड, पाव किलो लोखंड,” ढवळू म्हणाला. “मना कळाया पायजे होतं. मी पोरांच्या मांड्या मापल्या, काट्याचा इचार नाय केला.”

“काट्याचा स्क्रू किलोभर मागे फिरत नाही. दर वेळी किलो वजा करीन मी.”

“तू करशील. तुझ्या मागून येल ती?” त्याने पाट काढून काखेत मारला. “चल, आधी पोरं परत गोळा करू.”

झोळीत घालून सतराही पोरं पुन्हा तोलली. पुन्हा तोच टाहो. चौघांना जव्हारला न्यायचं ठरलं, त्यात रुपी पहिली. खोचलेला पदर सोडून कमूने पोरीला पोटाशी धरलं, आणि दवाखान्याची जीप निघेपर्यंत सासऱ्याकडे पाहिलंही नाही. ते त्याला फार लागलं.

दुसऱ्या दिवसापासून ढवळू पांगाऱ्याचं लाकूड तासायला बसला. पांगारा म्हणजे पोकळ, हलकं, चुलीतही धड न जळणारं लाकूड. उभ्या जन्मात त्याने त्याला हात लावला नव्हता. शेजारचा बुधा म्हणाला, “ढवळ्या, ह्यो पाट दोन पावसाळं नाय टिकायचा.”

“तवा दुसरा करीन.”

साखळ्यांऐवजी दोऱ्या आल्या. सागाचा पाट माळ्यावर गेला.

वीस दिवसांनी जीप आली. कमूने रुपीला त्याच्या हातात दिलं. त्याने पोरीला नीट उचललं आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही.

“किती भरली, मामा?” कमूने विचारलं. त्या दिवसानंतर ती पहिल्यांदाच बोलत होती.

हाताने केव्हाच सांगितलं होतं, पोर भरलीय.

“काट्यावर बघू,” तो म्हणाला.

अंगणवाडीत त्याने आधी पांगाऱ्याचा रिकामा पाट टांगला, काट्याचा स्क्रू जरासा पिळून शून्य लावलं. पाट थोडा हेलकावला. तो थांबेपर्यंत, काटा शून्यावर स्थिर दिसेपर्यंत ढवळूने रुपीला कडेवरून उतरवलं नाही.