तारझोक्याची कप्पी

मित्रांनो, तापीच्या उंच दरडीवर सागाचा एक खांब उभा आहे. त्या खांबाशी, तुटक्या तारेला जी गंजकी लोखंडी वस्तू लटकलेली दिसते, ती मी. मी एक जुनी कप्पी आहे. मधोमध खाच असलेलं चाक आणि खाली एक आकडा, एवढंच माझं अंग. तुम्ही मला भंगार म्हणाल. म्हणा बापडे! पण एके काळी माझ्यापुढे धुळ्याची माणसं रांग लावून उभी राहत, आणि मीही काही कमी मिजाशीची नव्हते.

माझा जन्म धुळ्यातल्या एका ओतशाळेत झाला. भट्टीतून निघाले, कानशीने अंग घासून घेतलं आणि थेट नदीवर, पुलाची पाहणी करणाऱ्यांच्या हाती पडले. या काठावरचं सामान त्या काठावर नेणं हे माझं काम. दोन उन्हाळे राबले. मग पुलाची जागा बदलली, माणसं तंबू गुंडाळून निघून गेली. तार आणि मी तशाच लटकत राहिलो. जाताना कोणी वळूनही पाहिलं नाही.

माझं नशीब उघडलं ते रुपचंदभाऊंमुळे. ते नावाडी. उन्हाळ्याच्या सुट्टीत धुळ्याची, दोंडाईच्याची माणसं जवळच्या संगमावरच्या देवळात दर्शनाला येत, तेव्हा रुपचंदभाऊ त्यांना आपल्या मोठ्या नावेतून डोहाची सैर घडवत. वर ताडपत्रीची सावली, खाली हिरवं पाणी, आणि रुपचंदभाऊंच्या गप्पा. पण नुसत्या सैरीने त्यांचं समाधान होईना. चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्यांनी माझ्या आकड्याला झोक्याची फळी बांधली आणि नाव ठेवलं 'तारझोका'. नावेतून उतरायचं, दरडीवर चढायचं, फळीवर बसायचं आणि सुटायचं! डोहावरून दीडशे हात सणसणत जायचं, की पलीकडच्या वाळूत रचलेल्या कडब्यावर धपकन थांबायचं. तिथे त्यांची बायको तानुबाई डांगराच्या, म्हणजे खरबुजाच्या, गोड फोडी घेऊन बसलेली असे. मला मात्र रुपचंदभाऊ लांब दोरीने परत खांबाशी ओढून घेत.

सुटण्याआधी रुपचंदभाऊ ओरडत, "दोरी पक्की धर!" सगळी दरड मागून ओरडे, "पक्की धर!" बँकेतले एक साहेब फार ऐटीत बसले होते. निम्म्या डोहावर त्यांनी "माय वं!" अशी आरोळी ठोकली की काठावरची म्हैस उठून पळाली. त्यांची एक चप्पल डोहात गेली ती गेलीच. तरी साहेब पुन्हा रांगेत उभे! मला काय सुख होई म्हणून सांगू.

पण माझं खरं माणूस एकच. रुपचंदभाऊंची एकुलती एक लेक, प्रमिला. फळी बांधली तेव्हा ती बारा वर्षांची होती. तारेवर पहिली तीच बसली, म्हणून दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पहिली फेरी तिची, असा रिवाजच पडला. घरातलं शेंगदाण्याचं तेल वाटीत आणून ती माझ्या चाकात सोडायची. तानुबाई ओरडायची. ही म्हणायची, "भाजीले नही ते चाली जाई, कप्पीले पाहिजे." अशी लाडाची होते मी.

लग्न होऊन ती नदीपलीकडच्या गावी गेली. आखाजीला आमच्याकडे साऱ्या लेकी माहेरी येतात, झोके घेतात, गाणी म्हणतात. बाकीच्या निंबाच्या झोक्यावर, आमची प्रमिला नदीवर! आणि सण सरला की रुपचंदभाऊ तिला तारेवरूनच सासरच्या वाटेला लावत. पलीकडे न्यायला आलेला दीर, अलीकडे सुट्टीवर आलेल्या पाहुण्यांच्या टाळ्या. लेकीला तारेवरून धाडणारा बाप म्हणून पंचक्रोशीत त्यांचं नाव झालं होतं. त्या नावाची त्यांना गोडी लागली होती. खरं सांगू? मलाही.

एक्क्याण्णवच्या आखाजीला ती आली ती वाळून काडी झालेली. डांगराची फोड हातात तशीच राहिली. मला तेल घालायला हात वर केला, तर बाही मागे सरकली. दंडावर काठीचे वळ होते. तिने पटकन बाही खाली ओढली. पहिली फेरी तिने मान खाली घालून उरकली.

तिसऱ्या दिवशी तिचा दीर अभिमन पलीकडच्या वाळूत येऊन उभा राहिला. दरडीवर ही गर्दी! रुपचंदभाऊंनी फळी धरली. प्रमिला फळीवर बसली, पण तिने एका हाताने खांब धरला आणि सोडेना.

"आप्पा, माले नको धाडू," ती हळूच म्हणाली. "त्या माले मारतस. मी मरी जासू तठे."

मित्रांनो, हे मी ऐकलं. रुपचंदभाऊंनीही ऐकलं. त्यांचा चेहरा क्षणभर पांढरा पडला. पण मागे माणसं कुजबुजायला लागली होती.

"लोके देखी ऱ्हायनात, बेटा," ते म्हणाले. "आखाजी सरी गयी. आते पोर माहेरमा ठेवी ते लोके काय म्हनतीन? पुढली आखाजीले आठ दिन पहिले लेवाले येसू."

तिने खांबावरचा हात तेवढा घट्ट केला.

मग रुपचंदभाऊ गर्दीकडे वळून हसले. "पोर घाबरी गयी," म्हणाले. लोकही हसले. आणि हसता हसताच त्यांनी तिची बोटं खांबावरून सोडवली. एक, मग दुसरं, मग तिसरं. त्या दिवशी ते "पक्की धर" म्हणाले नाहीत.

आणि मी? मी धावले. तिनेच घातलेल्या तेलावर सणसणत धावले. चाकात एक खडा अडकला असता, आस जरा वाकला असता, तर काय बिघडलं असतं? पण मी मेली कामाची पक्की! तिला नेऊन अचूक त्या काठावर उतरवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती मागे वळून खांबाकडे बघत होती.

श्रावणात तापीला पूर आला. नाव चालेना. पूर ओसरल्यावर पलीकडून अभिमन आला आणि नावेतून उतरायच्या आधीच म्हणाला, "वहिनी विहिरीत पडली." पाय घसरला म्हणे. तिचं दहावंसुद्धा उरकलं होतं. बापाला लेकीचं तोंडही बघायला मिळालं नाही. पाय घसरला की आणखी काय झालं, ते मला ठाऊक नाही. मला तिची बोटं ठाऊक आहेत.

तानुबाई वाळूत बसून एकच बोलत होती, "पोर नको म्हने, तरी तुम्हीच धाडी तिले. तुम्हीच धाडी."

रुपचंदभाऊंनी त्या दिवशी विळ्याने दोरी कापून माझी फळी डोहात सोडून दिली. पुढच्या सुट्टीत पाहुणे आले, "भाऊ, तार चालू करा की!" म्हणून गळ घालू लागले. रुपचंदभाऊ तोंड फिरवून नाव वल्हवायचे. मला कोणी तेल घातलं नाही. पावसात मी गंजले, माझं चाक जाम झालं. कोणी म्हणेल, बिचारीची काय ही उपेक्षा! नाही हो. मला तेच हवं होतं.

आखाजीला आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात. त्यावर डांगर ठेवतात, आंबा ठेवतात. रुपचंदभाऊंनी प्रमिलाची घागर माझ्या खांबाशी आणून ठेवली. शेजारची भिकुबाई म्हणाली, "भाऊ, लग्न व्हयेल लेकनी घागर माहेरमा कोन भरस? ते सासरनं काम शे."

"जित्ती व्हती तवय तिले ठेवी नही शकनू," रुपचंदभाऊ म्हणाले. "आते घागर तरी ठेवू दे."

भिकुबाई पदर तोंडाला लावून निघून गेली. त्यानंतर दर आखाजीला ते घागर भरून दिवसभर खांबाशी बसत. त्यांचे केस पांढरे झाले. एका पुरात तार पलीकडून तुटली. मी मात्र खांबाशी चिकटून राहिले.

सत्त्याण्णवची आखाजी. सण सरला होता, घागर अजून खांबाशीच होती आणि रुपचंदभाऊ तिच्यापाशी बसले होते. इतक्यात भिकुबाईची लेक, झुंबर, धावत दरडीवर आली. तिला न्यायला आलेली माणसं गावात खोळंबली होती. तिने येऊन खांब धरला. हातात मीही सापडले. ओठ सुजलेला, डोळे कोरडे.

मागोमाग भिकुबाई धापा टाकत आली. "चाल वं माय, लोके देखी ऱ्हायनात," म्हणत तिने लेकीच्या हाताला हात घातला. एक बोट सुटलं.

रुपचंदभाऊ उठले. किती वर्षांनी मी त्यांना इतक्या झटक्यात उठताना पाहिलं! त्यांनी आपले दोन्ही हात झुंबरच्या हातांवर ठेवले आणि दाबून धरले. माझा गंज तिच्या तळव्याला लागला.

"पक्की धर, बेटा," ते म्हणाले. मग त्यांचा आवाज फुटला आणि सगळ्या नदीला ऐकू जाईल असे ते ओरडले, "पक्की धर! पक्की धर!"

भिकुबाईने लेकीचा हात सोडला आणि ती मटकन घागरीशेजारी बसली. झुंबर त्या दिवशी गेली नाही. रुपचंदभाऊ मात्र ओरडत राहिले, आणि बघत होते ते झुंबरकडे नाही, पलीकडच्या रिकाम्या वाळूकडे.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी तुमच्याकडे तेल मागतात, रंग मागतात, सावलीतली जागा मागतात. मला यातलं काही नको. तुमच्या घरातली कोणी एखाद्या दिवशी खांब धरून उभी राहिली, तर तिची बोटं सोडवू नका. एवढं केलंत तर मी इथे गंजून पडले तरी माझी तक्रार नाही.