सासूबाईंचा होकार

विद्वान माणसांची एक खोड मला कधी कळलेली नाही. पोराच्या गणिताचा ताळा दोनदा करून घेतील, पण परक्या भाषेतलं वाक्य हाती लागलं की डोळे झाकून छापून मोकळे! तपासायला कोण येतंय?

आपले प्राध्यापक त्याच जातकुळीतले. भाषाशास्त्रावरच्या त्यांच्या पुस्तकात एकशेचार उदाहरणं होती, सगळी सासूबाईंच्या मातृभाषेतली. सासूबाई लग्न होऊन दूरच्या देशातून आलेल्या. त्यांची भाषा बोलणारी माणसं आता पन्नासभरही उरली नव्हती. प्राध्यापक जुन्या शब्दसूचीतून स्वतःच वाक्यं जुळवायचे, वाचून दाखवायचे आणि विचारायचे, "असं म्हणतात ना?"

"हो, म्हणतात की!" सासूबाई मान हलवायच्या. लगेच वहीत बरोबरची खूण.

प्रुफं आली त्या दिवशी बायको वैतागून म्हणाली, "अहो, एकशेचार वाक्यांत आई एकदाही 'नाही' म्हणाली नाही?"

"चूकच नसेल तर कशाला म्हणतील? उगाच फाटे फोडू नकोस. उद्या प्रुफं परत द्यायचीत."

बायकोने शब्दसूचीतले पाच शब्द कागदावर उतरवले. "बरं, हे एक राहिलंय. विचारा."

प्राध्यापकांनी वाचलं. सासूबाई हसून म्हणाल्या, "हो, म्हणतात की!"

"आई! अगं, मी डोळे मिटून बोट ठेवलं ते शब्द आहेत हे! याला काही अर्थच नाही!"

प्राध्यापकांचा चेहरा पडला. मग ते सासूबाईंवरच उखडले. "तुम्ही मला तोंडघशी पाडलंत!"

"मी पाडलं?" सासूबाईंनी चष्मा काढला. "जावयाला तोंडावर नाही कसं म्हणू? आणि जावईबापू, मी कशी बोलते हे तुम्ही कधी विचारलंत? वाक्य तुमचं, उत्तरही तुमचंच. मला नुसतं मान हलवायला बसवलंत! आम्ही चार म्हातारे गेलो की लोक तुमचं पुस्तक उघडतील. मी जन्मात न बोललेली वाक्यं माझ्या तोंडी घालतील. तेव्हा मी नाही म्हणायला येणार आहे का हो?"

प्राध्यापक ओशाळले. चूक आपली होती! त्यांनी प्रकाशकाला फोन करून छपाई थांबवली आणि त्याची बोलणी निमूट ऐकून घेतली. मग ते सासूबाईंसमोर बसले. "आई, तुमच्या माहेरी सकाळ कशी व्हायची, ते तुमच्या भाषेत सांगा. मी मध्ये बोलणार नाही."

पाच मिनिटांत बोललेच! पुस्तकातलं स्वतःचं एक वाक्य पुढे करून म्हणाले, "म्हणजे असंच ना?"

"नाही!" सासूबाई कडाडल्या. "असं आमच्याकडे कुणीही म्हणत नाही!"

प्राध्यापकांनी मान खाली घालून ते वाक्य खोडलं. पुढच्या महिनाभरात आणखी चाळीस खोडली, आणि उरलेली त्या भाषेच्या दुसऱ्या दोन जाणत्यांकडून तपासून घेतली.

मंडळी, ज्याची भाषा त्याला आधी विचारा, आणि नाही म्हणायची मोकळीक द्या. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या होकाराला काडीचीही किंमत नसते.