तालीमखान्याची परीक्षा

तालीमखाना ही औषधी वनस्पती बरोबर ओळखून आणली, तर बोरीला माहेरी असलेली बायको तान्ह्या लेकीसकट जिंतूरच्या घरी येणार, एवढा घसघशीत नफा महांतेशला दिसत होता. "महेश्वरीच्या अंगात ताकद आली की खुशाल घेऊन जावा," असं सासूबाईंनी, उमादेवींनी चारचौघांत कबूल केलं होतं. आणि बाळंतिणीच्या ताकदीला तालीमखान्याच्या लाडवांसारखं दुसरं काही नाही, हे त्यांचं ठाम मत.

तळ्याकाठच्या चिखलात उतरून, जांभळी फुलं आणि पेरापेराभोवतीचे लांब काटे ताडून जावयानं भारा आणला. उमादेवींनी बोंडं चोळून चिमूटभर बी काढलं.

"आ करा, जावईबापू."

बी जिभेवर पडताच बुळबुळीत झालं आणि जीभ टाळ्याला चिकटली.

"अस्सल हाय! लय नजर हाय तुमची," उमादेवी कौतुकानं म्हणाल्या. "आता महिनाभर महेश्वरीला हितंच रोज एक लाडू, माझ्या डोळ्यांदेखत. चालंल का न्हाई?"

नाही म्हणायला जीभ सुटेना. या बाईच्या हिशोबाला महांतेशनं मनोमन हात जोडले. नातीचा मुक्काम आजीच्या मांडीवर वाढला आणि त्याची किंमत जावयाच्या काटे रुतलेल्या बोटांत ठसठसत होती.